सहा डोळ्यांवर छाटणी

हल्ली आमच्या नाशकाला लोक वाइन प्यायला येतात. गेल्या महिन्यात भाचीच्या ओळखीतलं एक जोडपं माझ्याकडे उतरलं होतं. माणसं चांगली, पण सकाळी चहाच्या टेबलावर नकाशा पसरून बसली आणि मला विचारायला लागली की द्राक्षबागा बघायच्या तर आगगाडीनं जावं, मोटारीनं जावं की भाड्याची सायकल घ्यावी. मी म्हटलं, मी तिन्हींनी गेलेय, आणि तेही एकाच दिवशी. म्हातारी भलतीच हौशी दिसते असं वाटून ती दोघं हसली. मीही हसले आणि उठून उगाचच ओटा पुसत बसले. हौस म्हणे! कपाळ माझं.

ऐंशी साल उलटून दोनेक वर्षं झाली असतील. नाशिकरोडच्या एका कॉलेजात मी वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होते. म्हणजे काचपट्ट्या धुवायच्या, बरण्यांमधलं फॉर्मॅलिन बदलायचं आणि मुलांनी काही फोडलं की त्यांच्यावर ओरडायचं. ओरडणं मला छान जमायचं. हिच्या नाकाच्या शेंड्यावर राग असतो, असं आई म्हणायची आणि ते काही खोटं नव्हतं.

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी आणि स्वभावानं नेमकी उलटी. ती कुणाला मोडून बोलायची नाही. तिला दिली होती खेरवाडी स्टेशनापासून दहाएक किलोमीटर आत असलेल्या गावात. दाजी लष्करात, वर्षाकाठी एकदा रजेवर यायचे. घरात सत्ता थोरल्या दिरांची. दाजींच्या वाटणीला एक एकर जमीन आली होती, तिच्यात ताईनं द्राक्षं लावली. जन्मात तिनं केलेला हा एकच हट्ट. थोरल्या दिरांना तिथं कांदा करायचा होता. ते वाईट नव्हते, पण डोळ्यांना दिसेल तेवढ्यावरच त्यांचा विश्वास. लोखंडी अँगल, तारा, मंडप हे सगळं त्यांना नाटक वाटायचं.

पहिल्या खेपेची छाटणी अंदाजानं झाली आणि बागेत शोधून शोधून घड सापडले. दुसऱ्या उन्हाळ्यात ओसरीवर सगळ्यांसमोर थोरल्या दिरांनी तिला सांगितलं, "यंदा घड दिसले तर बाग तुझी, मी पुन्हा तोंड उघडणार नाय. नाय दिसले तर दिवाळी झाली की तारा काढायच्या." ताईनं मान हलवली आणि आत जाऊन भाकरी थापायला लागली. हे तिनंच मला सांगितलं, जणू दुसऱ्या कुणाबद्दल सांगतेय अशा सुरात. त्या घरात धुण्यापासून दाराच्या कडीपर्यंत सगळं कुणाचं तरी दुसऱ्याचं होतं. तिचं म्हणावं असं काही होतं तर ती एक एकर.

ज्यांनी द्राक्षाचा वेल जवळून पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. वेलाच्या प्रत्येक काडीवर बुडापासून टोकापर्यंत ओळीनं डोळे असतात. त्यातल्या काही डोळ्यांत पुढच्या हंगामाचा घड तयार होऊन बसलेला असतो, काहींत नुसता पाला. बाहेरून सगळे सारखेच. ऑक्टोबरात छाटणी करताना काडी कितव्या डोळ्यावर तोडायची एवढाच प्रश्न असतो. तो चुकला की घडाचे डोळे कात्रीनं खाली पडतात आणि मग वर्षभर पाला बघत बसायचं. कापलेली काडी काही परत चिकटवता येत नाही.

आमच्या सरांनी मला डोळा पातीनं चिरून सूक्ष्मदर्शकाखाली आतला घड ओळखायला शिकवलं होतं. दोन-चार बागाईतदार छाटणीआधी काड्या घेऊन कॉलेजात यायला लागले होते. मीच ताईला म्हटलं, तूही आण. बुडापासून कापून आण, मी सांगते कितव्या डोळ्यावर तोडायचं ते. ती दहा काड्या ओल्या गोणपाटात गुंडाळून, तान्हं मूल आणावं तशी मांडीवर घेऊन पॅसेंजरनं आली. मी दोन दुपारी बसून त्या तपासल्या. पाचव्या आणि सहाव्या डोळ्यात घड होता, अगदी स्पष्ट. दहापैकी नऊ काड्यांत तेच. मी एका कोऱ्या कागदावर ठळक अक्षरात लिहिलं: सहा डोळे ठेवणे, सहाव्याच्या वर कापणे. खाली झोकात सही केली. सही कशाला केली देव जाणे. ताईनं तो कागद चार घड्या घालून कमरेच्या पिशवीत ठेवला.

दहा-बारा दिवसांनी तिचं पोस्टकार्ड आलं. दिंडोरीच्या बाजूनं एक छाटणीची टोळी येणार होती, मुकादम पेठकडचा जाणता माणूस होता आणि बुधवारी सकाळी तिच्या बागेत कात्री लागणार होती. एकरभर बाग, दहा-बारा माणसं, म्हणजे दिवसाचं काम.

त्या बुधवारी साडेनऊच्या सुमाराला सुकेण्याचे एक बागाईतदार काड्या टाकून गेले. मी त्या टेबलावर मांडल्या. प्रत्येकीच्या बुडाशी एक जाड गाठ होती आणि गाठीला जुन्या सालीचा तुकडा चिकटलेला होता. काडी वेलाला जिथं जोडलेली असते तिथून ती उपटल्यासारखी काढली होती. मी मनात म्हटलं, काय रानटी माणूस आहे, किती वेडंवाकडं कापतो. आणि मग माझा हात थांबला.

ताईच्या काड्यांना गाठ नव्हती.

मी धावत मागच्या बाजूला गेले. कचऱ्याच्या बादलीशेजारी ताईच्या काड्यांचे तुकडे अजून पडलेले होते. दहाही बुडं मी शोधून काढली. सगळी गुळगुळीत, तिरप्या कापाची, व्यवस्थित. गाठ एकालाही नाही. बुडाजवळची पेरं आखूड असतात, तीही त्यात नव्हती. म्हणजे ताईनं काडी बुडापासून कापलीच नव्हती. खाली काहीतरी वेलावरच ठेवलं होतं. किती? दोन डोळे, फार तर तीन. मी ज्याला पाचवा म्हटलं तो वेलावरचा सातवा होता. मी ज्याला सहावा म्हटलं तो आठवा. आणि तिकडे माझ्या सहीनं सहावर कात्री चालली होती.

चूक तिची की माझी हा विचार तेव्हा आला नाही, नंतर जन्मभर आला. ताईनं कधी कुठल्या झाडाचं पान उगाच तोडलं नव्हतं. बुडापासून काप म्हटल्यावर ती काय करणार हे मला कळायला हवं होतं. ते राहू द्या, निदान बुडं तरी बघायची! शिकलेली मी होते. पण मला घाई झाली होती आपली हुशारी दाखवायची.

फोन प्राचार्यांच्या खोलीत होता. ताईच्या गावात एकच फोन, सोसायटीच्या ऑफिसात. महामुश्किलीनं नंबर लागला आणि घंटी वाजत राहिली. तीनदा लावला. उचलणार कोण? छाटणीच्या दिवसांत गावात माणूस नसतो, सगळे बागांमध्ये. त्या गावाची एसटी सकाळी सातला गेलेली, दुसरी संध्याकाळी पाचला. उरली अकराची पॅसेंजर. मी कुणाला न सांगता निघाले. अंगावर प्रयोगशाळेचा पांढरा कोट तसाच होता, ते स्टेशनावर आल्यावर लक्षात आलं.

पॅसेंजर पाऊण तास उशिरा आली. आली ती आली, पुढच्याच ओढा स्टेशनात जाऊन बसली. एक मालगाडी गेली, मग एक एक्सप्रेस गेली, तरी आमची गाडी हलेना. माझ्यासमोर लासलगावला निघालेल्या दोन बायका होत्या, त्यांनी डबा उघडला आणि मलाही आग्रह केला. मी रागानं नको म्हटलं. त्या बिचाऱ्यांचा काय दोष? पण मला त्या वेळी जगातला जो माणूस निवांत दिसेल त्याचा राग येत होता. रुळाच्या कडेलाच एक बाग होती. सात-आठ माणसं ओळीत पुढं सरकत होती, कात्र्या चालत होत्या आणि त्यांच्या मागं काड्यांचा खच पडत होता. एका माणसाला एक वेल उरकायला किती वेळ लागतो ते मी मोजत बसले. नको मोजू म्हटलं तरी मोजत होते. उतरून चालत जावं असं दहादा वाटलं, पण चालत गेले असते तर संध्याकाळ झाली असती. शिट्टी होईपर्यंत खिडकीचा गज धरून बसण्यापलीकडे माझ्या हातात काही नव्हतं.

खेरवाडीला उतरले तेव्हा एक वाजून गेला होता. स्टेशनाबाहेर एका मावशींचं चहाचं दुकान होतं. दाजींची जुनी सायकल ताईनं खास माझ्यासाठी त्यांच्याकडे ठेवली होती. मी आले की ती घेऊन गावात जायचं आणि परतताना ठेवून द्यायची, अशी आमची सोय. सायकल होती. तिच्यावर मावशींचं लुगडं वाळत होतं आणि दोन्ही चाकांतली हवा गेलेली होती. पुढच्यात पंपानं भरली ती राहिली. मागच्यात भरली की फुस्स. पंक्चरवाला कुठाय विचारलं तर मावशी म्हणाल्या, "तो गेला छाटणीला. आता आठ दिस त्याचं नावच घेऊ नका." मी त्या सायकलला लाथ मारली. मावशींनी माझ्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला.

तेवढ्यात एक फियाट येऊन थांबली. गाडी चालवत आलेले साठीचे गृहस्थ मुंबईचे होते. इथल्या द्राक्षांची वाइन करायचा कारखाना काढावा असं त्यांच्या मनात होतं, म्हणून ते आठवडाभर बागा बघत फिरत होते. मावशींनीच त्यांना माझी अडचण सांगितली आणि त्यांनी लगेच मागचं दार उघडलं. सायकल टपावरच्या कॅरिअरला बांधली. मला तेव्हा देव भेटल्यासारखं झालं.

देव, पण निवांत देव. गाडी बैलगाडीच्या चाकोरीतून हळूहळू चालली होती आणि साहेब मला समजावत होते की वाइन म्हणजे दारू नव्हे, दारू वेगळी, वाइन वेगळी, परदेशात माणसं जेवणाबरोबर घेतात. मी हो हो म्हणत होते. पहिल्या बागेपाशी ते थांबले, ढेकूळ उचललं, बोटांनी कुस्करलं आणि रुमालात बांधून घेतलं. दुसऱ्या बागेपाशी त्यांनी छाटणीचा फोटो काढला. मी सांगितलं की माझ्या बहिणीची बाग जातेय, मला लवकर पोहोचायचंय. ते म्हणाले, हो तर, पोहोचवतो ना. त्यांना वाटलं मला गाडी लागतेय, म्हणून त्यांनी लिमलेटची गोळी दिली. ती गोळी तोंडात धरून मी घड्याळात दोन वाजताना पाहिले.

तिसऱ्या बागेपाशी त्यांनी पुन्हा ब्रेक दाबला आणि माझा तोल गेला. मी ओरडले. वर्गातल्या मुलांवर ओरडते तशी ओरडले. तुमची वाइन गेली खड्ड्यात, गाडी चालवायची तर चालवा नाहीतर मला उतरवा, असं काहीसं बोलले. ते इतके दचकले की त्यांचा चष्मा नाकावर घसरला. त्यांनी गाडी दामटली. आणि मग व्हायचं तेच झालं. पुढं पाटाला पाणी सुटलं होतं आणि रस्ता जिथं पाटाखालून जातो तिथं काळ्या मातीचा राडा झाला होता. हळू आले असते तर त्यांना दिसला असता. फियाट सरळ आत घुसली आणि पुढची दोन्ही चाकं निम्मी बुडून गाडी बसली ती बसलीच.

मी उतरून ढकललं, त्यांनी रेस केली, चिखल माझ्या कोटावर उडाला आणि गाडी आणखी खाली गेली. बैलांशिवाय ती निघणार नव्हती आणि बैल आणायला माणूस दिसत नव्हता. साहेब बूट हातात घेऊन पँट दुमडून उभे होते. म्हणाले, "जा बाई तुम्ही. माझं मी बघतो." आवाजात राग नव्हता, ते मला जास्त लागलं. माफी मागायचंही मला सुचलं नाही. मी सायकल ओढून खाली घेतली.

तिथून गाव तीन किलोमीटर. मागच्या चाकात हवा नाही, ते नुसतं टायरवर खडखडत चालायचं. शंभर पावलांवर मडगार्डमध्ये माती भरली आणि चाक फिरेना. काडीनं माती काढायची, पुन्हा बसायचं, पुन्हा चाक अडायचं. ऑक्टोबरचं ऊन डोक्यावर. मी रडत होते आणि रडता रडता ताईला शिव्या देत होते. सांगितलेलं नीट का करत नाहीस? बुडापासून म्हणजे बुडापासून! शेवटी सायकल एका बाभळीला टेकवली आणि पळत सुटले.

बाग दिसली तेव्हा तीन वाजून गेले होते. लांबूनच कळलं. मंडपावर हिरवं काही उरलं नव्हतं, तारा आणि खोडं तेवढी उन्हात उभी होती. जमिनीवर काड्यांचा घोटाभर थर. टोळी कडेच्या लिंबाखाली जेवायला बसली होती. ताई त्यांना आमटी वाढत होती, थोरले दीर बांधावर बसून बघत होते.

ताईनं मला पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला. तिला वाटलं मी तिची छाटणी बघायला आले. माझ्या चिखलानं भरलेल्या पायांकडे बघून ती हसली, हात धरून मला ओळींमधून नेऊ लागली आणि सांगत सुटली. प्रत्येक ओळीतला पहिला वेल तिनं स्वतः छाटून दाखवला होता. दिवसभर टोळीच्या मागं फिरून ती डोळे मोजत होती, एकही काडी सहाच्या पुढं जाऊ दिली नव्हती. सकाळी मुकादम म्हणाला होता की बाई, आम्ही आठ ठेवतो, नऊ ठेवतो, सहा कमी होतात. ताईनं कमरेची पिशवी सोडून त्याला माझा कागद दाखवला होता. माझ्या बहिणीनं यंत्राखाली बघितलंय म्हणाली. मग तो काय बोलणार?

वाटेत एका वेलावर मला ते दिसलं. नमुन्याची काडी कापली होती तिथं खाली एक टोक ठेवलेलं होतं, बोटभर लांब, त्यावर दोन डोळे. पुढच्या वेलावरही तसंच. दोन.

मला बोलायचं होतं, पण थोरले दीर मागोमाग आले होते. त्यांच्यासमोर बोलले तर बाग आजच जाणार होती. आणि बोलून तरी काय उपयोग होता? खाली पडलेलं सगळं खालीच राहणार होतं.

शेवटच्या ओळीत शेवटचा वेल तेवढा ठेवला होता. त्यांच्याकडे रीत होती, शेवटचा वेल बागेच्या धन्यानं छाटायचा, मग नारळ फोडायचा. टोळी हात धुऊन भोवती उभी राहिली. ताईनं कात्रीला हळदीकुंकू लावलं आणि ती माझ्यासमोर धरली. "तू छाट," ती म्हणाली. "बाग तुझ्यामुळं यायची हाय."

मी कात्री घेतली. पहिली काडी धरली आणि बुडापासून बोट फिरवत मोजलं. सहावर बोट थांबवायला हवं होतं. मी थांबवलं नाही. आठव्याच्या वर कापलं. दुसरी काडी, आठ. तिसरी, आठ. सगळा वेल मी आठवर छाटला. थोरल्या दिरांचं लक्ष नारळाकडे होतं. मुकादम बघत होता. ताईही बघत होती. मी मान वर केली तेव्हा तिनं नजर काढून घेतली आणि नारळ फोडायला वाकली.

संध्याकाळच्या गाडीसाठी ती मला बैलगाडीनं सोडायला आली. मी सांगितल्यावर थोरल्या दिरांचा गडी दुसरी बैलजोडी घेऊन फियाट काढायला आधीच गेला होता. वाटेत ती सासूच्या गुडघ्यांबद्दल बोलली, दाजींच्या पत्राबद्दल बोलली. बाभळीजवळची सायकल तिनं गाडीत टाकून घेतली आणि पदरानं तिच्या घंटीवरची माती पुसली.

स्टेशनावर बाकावर बसल्यावर तिनं विचारलं, "किती डोळ्यांचा फरक?"

"दोन."

ती रुळांकडे बघत म्हणाली, "मीच ठेवले व्हते. वेल बोडका दिसंल म्हणून."

मी तिला म्हटलं की चूक माझी आहे, मी बुडं बघायला हवी होती, मी येऊन थोरल्या दिरांना सगळं सांगते, त्यांच्या पाया पडते, अजून एक वर्ष मागते. ती नको म्हणाली. ते ऐकायचे नाहीत आणि वर तुझ्या शिक्षणाला नावं ठेवतील, म्हणाली. गाडीचा दिवा लांबून दिसला तेव्हा तिनं माझा हात घट्ट धरला.

"डोळे फुटायला पंधरा-वीस दिस लागतात," ती म्हणाली. "तवर कुणाला सांगू नको. तेवढे दिस तरी बाग माझी राहू दे."

मी कुणाला सांगितलं नाही. ते पंधरा दिवस मी कॉलेजात काचपट्ट्या धुतल्या आणि कुणावर ओरडले नाही. तिकडे ताईनं बागेला पाणी दिलं, मोरचूद आणि चुन्याची फवारणी केली, पडलेल्या काड्या वेचून बांधावर रचल्या, सगळं हंगाम यायचाय अशाच रीतीनं. आपल्याला काय दिसणार आहे हे ठाऊक असलेलं माणूस रोज पहाटे उठून कसं पाणी देतं हे मला आजही समजत नाही. बाग फुटली ती अशी तजेलदार की रस्त्यानं जाणारे थांबून बघायचे. नुसता पाला.

दिवाळी झाली आणि थोरल्या दिरांनी बोलल्याप्रमाणे तारा काढल्या. ते तिला एक वाकडा शब्द बोलले नाहीत, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. शेवटच्या ओळीतला शेवटचा वेल मात्र घडांनी भरला होता. त्याच्यापाशी ते बराच वेळ उभे राहिले म्हणे. हा एकटाच असा कसा, म्हणून त्यांनी ताईला विचारलं, आणि ताई म्हणाली, मला काय माहीत. तो वेल त्यांनी काढला नाही. त्याला चार बांबूंचा छोटा मांडव स्वतःच बांधून दिला. बाकीच्या एकरात कांदा लागला.

मार्चात एका दुपारी ताई पॅसेंजरनं माझ्याकडे आली. मांडीवर फडक्यानं बांधलेली पाटी होती. त्या एका वेलाचे सगळे घड तिनं आणले होते, घरात कुणाला चाखायलाही ठेवले नव्हते. मी दारातच रडायला लागले. तिनं मला ओरडू दिलं नाही, रडूही दिलं नाही, स्वयंपाकघरात नेऊन बसवलं. एक घड धुतला, ताटलीत ठेवला आणि माझ्यासमोर सरकवला.

"खा," ताई म्हणाली. "बघ, तुझं बघणं बरोबर व्हतं. घड त्याच दोन डोळ्यांत व्हते."

मी एक मणी तोंडात टाकला. द्राक्ष फार गोड होतं.